सगळ्यात चांगला टोमॅटो कुठला, हे तुम्ही विचारलंत म्हणून

“एवढ्या जाती लावता, मग त्यातली सगळ्यात चांगली कुठली?” लग्नाच्या पंगतीत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, अगदी दातांच्या डॉक्टरांकडे माझं तोंड उघडं असतानासुद्धा हा प्रश्न आलाय. मी एखादं नाव सांगून मोकळी होते, आणि दर वेळी वेगळं सांगते. आता विचारणारे एकमेकांत ताळा करायला लागलेत, म्हणून एकदा सविस्तर.

आधी २०२३चा जुलै निकालात काढते. टोमॅटो किलोमागे शंभरीपार गेले आणि भेटेल तो म्हणायला लागला, “तुमचं काय, घरचेच!” अहो, जुलैत आमच्या गोव्यातल्या डिचोलीत परसातून पाणी वाहत असतं. गणपतीची चवथ झाली की बी टाकायचं, दिवाळीच्या आगेमागे रोपं जमिनीत, फळं जानेवारीपासून मार्चपर्यंत. एप्रिलमध्ये रात्रीही उकडायला लागलं की फुलं गळतात, फळ धरत नाही. उरलेलं वर्षभर मीही बेळगावहून येणारेच टोमॅटो आणते. पैसे वाचवायला कुणी हे करत असेल तर त्याने आधी बांबू, सुतळी आणि पाण्याचं बिल मांडून बघावं.

तर चव. माझे टोमॅटो पाहून पाहुणे हमखास म्हणतात, “अजून कच्चा दिसतोय.” कारण देठाजवळ हिरवे खांदे. जुन्या जातींना ते असतात. फळ सगळीकडून एकसारखं लाल व्हावं म्हणून पैदासकारांनी पिढ्यान् पिढ्या बिनखांद्याची झाडं निवडली. २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्या निवडीत जो जनुक बिघडला, तोच धड असताना कच्च्या फळातलं हरितद्रव्य वाढवतो, म्हणजे फळात साखर तयार व्हायला हातभार लावतो. बाजारात तुम्ही हौसेने निवडता तो गुळगुळीत लाल टोमॅटो दिसायला देखणा झाला तो असा. हे मी सांगायला लागले की लोक घड्याळ बघतात. बघू देत.

नुसत्या चवीचं विचाराल तर ब्लॅक क्रिम. क्रिमियाकडची जात. पिकल्यावर लाल नाही, तपकिरी-जांभळट होते. कापलं की आतला गर गडद, बियांभोवतीचं पाणी हिरवट. वर मिठाची चिमूट टाकून थोडा वेळ ठेवलं की ताटलीत रस सुटतो, तो गोड, आंबट आणि किंचित खारट असा एकदमच लागतो. माशाच्या हुमणात घालू नका. तिथे आंबटाला सोलं आहेत, आंबाडे आहेत, टोमॅटोचं काही अडलेलं नाही. हा नुसता खायचा.

मग दर वेळी हेच नाव का सांगत नाही? कारण तुम्ही उद्या बी मागवाल, लावाल, आणि जानेवारीत माझ्या दारात येऊन उभे राहाल. मला तो जानेवारी ठाऊक आहे.

एक वर्ष सगळा वाफा जुन्या जातींचा केला होता. ब्लॅक क्रिम, चेरोकी पर्पल, ब्रँडीवाइन. झाडं कंबरेच्या वर गेली, बगलफुटी काढून हात हिरवे झाले, पहिली फळं मुठीएवढी. एका दुपारी चेरोकीचा शेंडा मान टाकून उभा दिसला. ऊन असेल म्हणून पाणी घातलं. संध्याकाळी तो सावरला, तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. दुसऱ्या दुपारी पूर्ण झाड लोळलं, आणि पान एकही पिवळं नाही. हिरवंगार झाड हिरवेपणीच मेलं. मग शेजारचं. मग पाण्याच्या उताराने ओळीतली पुढची सगळी. शेजारीण म्हणाली दृष्ट लागली, मिरच्या उतरून टाक. मी खोडाचा बुंध्याजवळचा तुकडा कापला आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरला. थोड्याच वेळात कापल्या टोकातून दुधाळ धागे खाली सुटायला लागले, बारीक, संथ, थांबेचनात. ते जिवाणू. जिवाणूजन्य मर. आमच्या जांभ्याच्या आंबट मातीत, दमट हवेत तो सुखाने नांदतो आणि वर्षानुवर्षं जमिनीत टिकतो. वांगं, मिरची, बटाटा, कुणालाच सोडत नाही.

झाडं मुळासकट उपटून पिशव्यांत भरली. हिरवी फळं घरात कागदावर मांडली. पिकली, रंगही आला. कापली तर पिठूळ, चव कसलीच नाही. सासूबाई इतके दिवस काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाल्या, “गो, तोमाटां लावपाचीं सोड आनी भेंडे लाय.” मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. बरोबर बोलल्या होत्या म्हणूनच असेल.

त्या आधीची मी विचारणाऱ्यांना ठणकावून सांगायची की संकरित लावणारे चवीला मुकतात. आता वाफ्यात बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेचा संकरित अर्का रक्षक असतो. मर, पर्णगुच्छ (पानं आकसतात तो) आणि करपा, तिन्ही रोग सोसणारा. फळ घट्ट, सालीला जाड, भाजीला उत्तम. कच्चा खायला? ठीक. त्या आधीच्या मला आताची मी म्हणते, चव जिभेवर यायला आधी झाड जगावं लागतं. ती म्हणते, मग बाजारातलाच का आणत नाहीस? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मधला रस्ता काढलाय: मर सोसणाऱ्या वांग्याच्या रोपावर ब्लॅक क्रिमचं पाचर कलम. दोन्ही खोडं पेन्सिलीच्या शिशाएवढी जाड असताना वांग्याचा शेंडा उडवायचा, मध्ये चीर द्यायची, टोमॅटोचं टोक पाचरीसारखं तासून बसवायचं, चिमटा लावून आठवडाभर सावलीत प्लास्टिकच्या बरणीखाली झाकायचं. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर टोमॅटो स्वतःची मुळं सोडतो आणि सगळी मेहनत पाण्यात. निम्मी कलमं जळतात. जगलेल्यांची फळं खाऊन मुलगा म्हणतो पूर्वीसारखीच लागतात. मला थोडी कमी गोड वाटतात. हे वांग्यामुळे, त्या वर्षीच्या ढगाळ हवेमुळे की माझ्या आठवणीमुळे, आमच्या घरात यावर अजून वाद आहे.

तर तुमच्यासाठी नाव: पहिलंच वर्ष असेल तर अर्का रक्षक, आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, वास मरतो. त्याचं बी मात्र साठवू नका, संकरित आहे, पुढच्या वर्षी तेच झाड येणार नाही. ब्लॅक क्रिमचं हवं असेल तर चवथीनंतर या, देईन. पण वाफ्यात मागच्या वर्षी वांगी होती का, ते आधी सांगा.