रँकलिस्ट का लावत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"सर, बाकीचे क्लास लावतात, तुम्हीच का लावत नाही?" लातुरात 'नीट'चं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचं, फिजिक्स शिकवतो, त्यामुळे पालकसभेत हा प्रश्न ठरलेला. वर पुस्ती : "पोरांना प्रेशरची सवय नको का व्हायला?"

तीन तासांत १८० प्रश्न, बरोबरला चार, चुकलं की वजा एक. प्रेशर परीक्षेतच भरपूर आहे, त्यात मी भर घालायची गरज नाही.

मीही लावायचो यादी. दर सोमवारी, दाराशेजारी. एक मुलगी पहिल्या पाचात आली, टिकली आणि मग तिचे फिजिक्सचे मार्क घसरायला लागले. घरचे म्हणाले, मोबाइल. मी तिचा पेपर काढून बसलो. उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्याचं गणित रफच्या जागेत शेवटपर्यंत सोडवलेलं, उत्तराभोवती चौकोन. ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, गोल कोरा. पुढे प्रिझमचं गणित, तेच. दर पानावर असं एखादं तरी.

"का गं नाही भरलंस?"

"चुकलं तर एक जातो ना, सर."

"अगं, सोडलंस तर चार जातात!"

"ते अजून माझे झाले नव्हते."

यावर मला काहीच बोलता येईना. पोरगी हुशार, गणित पक्कं. पण तिला आता पुढे जायचं नव्हतं, फक्त पाचातून खाली यायचं नव्हतं.

एलियट आणि मॅकग्रेगर या अमेरिकी संशोधकांनी २००१ साली कॉलेजच्या मुलांवर हेच तपासलं. इतरांपेक्षा मागे पडू नये, एवढ्यासाठीच अभ्यास करणाऱ्यांना परीक्षेची धास्ती जास्त होती. तुम्ही म्हणाल, सरांना पुस्तकातला आधार सापडला. सापडला, पण अर्धाच. इतरांच्या पुढे जायच्या ईर्ष्येने शिकणाऱ्यांचे मार्क त्याच अभ्यासात चांगले आले होते. माझ्यातला जुना मास्तर तेवढंच धरून बसतो : यादी बघून पेटलेली पोरं विसरलास का? नाही विसरलो. त्यातली काही आज एमबीबीएसला आहेत आणि यादी होती म्हणून झालं, असं आजही सांगतात. पण कोणतं पोरगं पेटेल आणि कोणतं गोल कोरे सोडेल, हे मला आधी ओळखता येत नाही.

सध्या ज्याचा त्याला रँक चिठ्ठीवर देतो. पोरं जिन्यातच चिठ्ठ्या जुळवून यादी करतात, तेही ठाऊक आहे. करोत. माझ्या दाराशेजारी ती लागणार नाही. तुम्हाला हवीच असेल, तर शेजारच्या क्लासची फी विचारून सांगतो.