प्रकाशाच्या डेस्कमागे बसल्यावर नजर कुठे असावी

रंगमंचाच्या प्रकाशाचे डेस्क चालवणाऱ्याने प्रयोग सुरू असताना डेस्ककडे शक्य तितके कमी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. हे मत ऐकून नवशिके ऑपरेटर चकित होतात, कारण त्यांच्यासमोर दोन पडदे, शंभरेक बटणे आणि फेडरची (दिव्यांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्यांची) लांब रांग असते आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणे हेच आपले काम आहे असे त्यांना वाटते. डेस्क शिकावे लागते, बारकाईने शिकावे लागते, पण तो अभ्यास तालमीच्या आधी आणि तालमीत व्हायला हवा. तो इतका पक्का झालेला असावा, की प्रयोगाच्या वेळी बोट ‘गो’च्या, म्हणजे पुढचा प्रकाशबदल सुरू करणाऱ्या, बटणावर स्थिर राहील आणि डोळे नटाच्या हालचालीवर.

पूर्वीच्या ऑपरेटरला ही मुभा नव्हती. दोन प्रिसेटच्या (दोन दृश्ये आधी लावून ठेवता येणाऱ्या) डेस्कवर प्रत्येक चॅनलला, म्हणजे एका क्रमांकाने चालणाऱ्या दिव्याला किंवा दिव्यांच्या गटाला, दोन फेडर असत, एक वरच्या रांगेत आणि एक खालच्या. वरच्या रांगेतले दृश्य रंगमंचावर उजळलेले असताना ऑपरेटर कागदावरचे आकडे वाचत खालच्या रांगेत पुढचे दृश्य लावत असे आणि वेळ आली की दोन्ही रांगांचे मास्टर, म्हणजे अख्खी रांग चढवणारे-उतरवणारे फेडर, एकत्र सरकवून एकातून दुसऱ्यात जात असे. त्यानंतर लगेच रिकाम्या झालेल्या वरच्या रांगेवर तिसऱ्या दृश्याची तयारी सुरू होई. हाताला उत्तम वळण लावणारी ही पद्धत होती आणि आजही शिकाऊ ऑपरेटरने काही प्रयोग अशा डेस्कवर करावेत असे मला वाटते, कारण फेडची, म्हणजे प्रकाशाच्या हळूहळू चढण्या-उतरण्याची, गती बोटांतून कशी उतरते हे तिथे कळते. मात्र दोन क्यूंच्या, म्हणजे ठरलेल्या प्रकाशबदलांच्या, मधला सगळा वेळ तयारीत जात असल्यामुळे रंगमंचाकडे पाहायला उसंत मिळत नसे. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘अ कोरस लाईन’ या संगीतनाटकासाठी प्रकाशयोजनाकार थॅरॉन मसर यांनी एलएस-८ हे स्मृती असलेले डेस्क वापरले, आणि ब्रॉडवेवर संगणकाच्या स्मृतीवर चालणाऱ्या प्रकाशाची सुरुवात त्या प्रयोगापासून मानली जाते. पातळ्या लक्षात ठेवण्याचे काम यंत्राने घेतल्यामुळे ऑपरेटरची नजर मोकळी झाली, आणि ही मोकळीक पुन्हा पडद्यावरच्या आकड्यांत घालवणे मला फार वाईट वाटते.

नजर रंगमंचावर हवी याचे एक अगदी तांत्रिक कारणही आहे. डेस्क आणि दिवे यांच्यात जी भाषा चालते ती डीएमएक्स-५१२. १९८६ मध्ये ती ठरली आणि आजही बहुतेक सगळीकडे तीच वापरली जाते. एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका तारेवरून चालणाऱ्या संचात, ५१२ पत्ते असतात आणि प्रत्येक पत्त्यावर ० ते २५५ यांपैकी एक आकडा जातो. पूर्ण ५१२ आकड्यांचा संच सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ४४ वेळा पाठवला जातो. हा सगळा प्रवाह एकाच दिशेने, डेस्ककडून दिव्याकडे जातो. दिव्याला आकडा मिळाला का, मिळाला तर तो पेटला का, की त्याचा बल्ब मघाशीच गेला, यांतले काहीही डेस्कला कळत नाही. पडद्यावर ‘८०’ दिसते तेव्हा त्याचा अर्थ डेस्कने ८० टक्के मागितले एवढाच असतो. रंगमंचावर ८० आहे की अंधार, हे फक्त माणसाचा डोळा सांगू शकतो. (चूक ओळखण्याची कोणतीही सोय या भाषेत नसल्यामुळेच जिथे जिवाला धोका आहे अशा गोष्टी, म्हणजे आतषबाजी किंवा वर-खाली होणारी जड यंत्रे, तिच्यावर चालवू नयेत असा स्पष्ट संकेत आहे.) पुढे आरडीएम या डीएमएक्सला जोडलेल्या भागामुळे त्याच तारेवरून दिव्याने उत्तर देण्याची सोय झाली आणि तिचा उपयोग पत्ते बदलायला व दिव्याची अवस्था विचारायला होतो. तरी प्रयोगाच्या ऐन क्षणी भरवसा ठेवावा तो डोळ्यांवरच.

म्हणून तयारीची सुरुवात पॅचपासून होते. कोणत्या पत्त्यावरचा दिवा डेस्कवर कोणत्या चॅनल क्रमांकाने ओळखायचा हे पॅच ठरवतो. सोळा पत्ते घेणारा मूव्हिंग हेड (डेस्कवरून हवा तिकडे वळवता येणारा दिवा) १ वर ठेवला तर पुढचा १७ वर, त्यापुढचा ३३ वर, आणि असे ३२ दिवे लावले की युनिव्हर्स भरते. हे गणित डेस्क स्वतः करते. ऑपरेटरने विचार करायचा तो चॅनल क्रमांकांचा, आणि ते पत्त्यांच्या सोयीने न ठरवता रंगमंचाच्या सोयीने ठरवावेत. समोरून येणारा प्रकाश १ पासून, बाजूचा १०१ पासून, मागचा २०१ पासून, आणि प्रत्येक रांगेत क्रम नेहमी एकाच बाजूने सुरू झालेला असावा. असे केले तर तालमीत प्रकाशयोजनाकार ‘मागून, डावीकडचा दुसरा, थोडा कमी’ म्हणाले की ऑपरेटरच्या बोटांना क्रमांक शोधायला यादी लागत नाही.

आता फेडविषयी, कारण माझ्या लेखी डेस्क चालवण्याचा गाभा तोच आहे. क्यूला वेळ देताना बहुतेक जण एकच आकडा लिहितात. पाच सेकंद म्हटले की येणारे दिवे पाच सेकंदांत येतात आणि जाणारेही पाचच सेकंदांत जातात. कागदावर हे समतोल दिसते, पण दोन्ही दृश्यांतले दिवे वेगवेगळे असतील तर अनेकदा मध्येच रंगमंच खचल्यासारखा काळवंडतो. याचे कारण डिमरच्या (दिव्याची तीव्रता बदलणाऱ्या यंत्राच्या) वक्रात, म्हणजे मागितलेली पातळी आणि मिळणारा प्रकाश यांच्या नात्यात, आहे. स्क्वेअर लॉ प्रकारच्या वक्रात पातळी ५० टक्के असताना दिव्यातून निघणारा प्रकाश २५ टक्केच असतो. फेडच्या मध्यावर जाणारे आणि येणारे असे दोन्ही गट ५० वर असतात, म्हणजे दोघांचा मिळून प्रकाश पूर्ण दृश्याच्या निम्म्यावर आलेला असतो. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण कुठेतरी प्रसंगाचा धागा सैल झाला असे त्याला नक्की जाणवते. यावर उपाय सोपा आहे: चढण्याचा वेळ आणि उतरण्याचा वेळ वेगळे ठेवावेत. नवे दिवे चार सेकंदांत वर येऊ द्यावेत आणि जुने सात सेकंद रेंगाळू द्यावेत, किंवा जुन्यांना सुटण्याआधी दीड-दोन सेकंदांचा विलंब द्यावा. हे आकडे नियम म्हणून कोणी घेऊ नयेत. प्रसंग वाचून, रंगमंचाकडे पाहत, ‘गो’ पुन्हा पुन्हा दाबून ते ठरवावे लागतात, आणि तालमीतला जो वेळ मी यावर घालवतो त्याचा मला कधीही पश्चात्ताप झालेला नाही.

अतिशय संथ फेडची गोष्ट आणखी निराळी आहे. समजा, पहाट होण्यासाठी एक दिवा साठ सेकंदांत शून्यापासून पूर्ण पातळीवर न्यायचा आहे. २५५ पायऱ्या साठ सेकंदांत चढायच्या म्हणजे एका सेकंदात चारच पायऱ्या होतात, आणि खालच्या टोकाला पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना प्रकाश दुप्पट होऊ शकतो. जुन्या पद्धतीच्या बल्बमधल्या टंगस्टनच्या तारेला तापायला आणि निवायला वेळ लागतो, त्यामुळे ती या पायऱ्या आपोआप बुजवते. एलईडी तत्काळ प्रतिसाद देतो, म्हणून त्याच्यात हे टप्पे उघड दिसतात. डीएमएक्सवरून आकडे वाहून नेण्याची गती येथे पुरेशी असते, अडचण पायरीच्या उंचीची आहे. म्हणूनच चांगल्या एलईडी दिव्यांत तीव्रतेसाठी दोन पत्ते वापरून ६५,५३६ पायऱ्यांची सोय असते, आणि पॅच करताना ती निवडायला विसरू नये. याच स्वभावभेदामुळे शून्य सेकंदाचा क्यूही दोन्ही प्रकारच्या दिव्यांत सारखा दिसत नाही. मोठा टंगस्टन दिवा एका क्षणाने मागे राहतो, एलईडी बोटाबरोबर पेटतो. एकाच क्यूमध्ये दोन्ही असतील तर एलईडीला किंचित विलंब देऊन मी त्यांना एकत्र आणतो. शिवाय टंगस्टन मंद होताना तांबूस होत जातो आणि एलईडी आपला रंग तसाच धरून ठेवतो, त्यामुळे संधिप्रकाशाच्या दृश्यात एलईडीच्या फेडसोबत रंगही हळूहळू उबदार करावा लागतो.

नव्या ऑपरेटरला सर्वांत जास्त गोंधळात टाकते ते ट्रॅकिंग. अनेक मोठी डेस्के क्यूमध्ये संपूर्ण चित्र साठवत नाहीत, फक्त बदल साठवतात. पाचव्या क्यूमध्ये चॅनल १२ ला ४० दिले आणि सहा ते नऊ या क्यूंमध्ये त्याचा उल्लेखच केला नाही, तर तो नवव्या क्यूपर्यंत ४० वरच राहतो. तालमीत सातव्या क्यूमध्ये तो ६० केला आणि नेहमीप्रमाणे नोंदवला, तर आठ आणि नऊमध्येही तो ६० होतो, आणि दहाव्यात त्याच्यासाठी नवी आज्ञा असेल तिथेच हा प्रवाह थांबतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याला आपले क्यू परस्पर बदलतात असे वाटते. ज्याला ठाऊक आहे त्याला यात मोठी सोय दिसते, कारण एका प्रवेशभर खिडकीतला प्रकाश थोडा कमी करायचा असेल तर वीस क्यू उघडावे लागत नाहीत. बदल फक्त सातव्यापुरता हवा असेल तर ‘क्यू ओन्ली’ म्हणून नोंदवावा, म्हणजे आठव्यात चॅनल पुन्हा ४० वर येतो. प्रत्येक प्रवेशाच्या पहिल्या क्यूला मी ‘ब्लॉक’ लावतो, म्हणजे सगळ्या पातळ्या त्याच क्यूमध्ये पक्क्या नोंदवतो, त्यामुळे आधीच्या प्रवेशातली कोणतीही दुरुस्ती पुढच्यात झिरपत नाही. ही शिस्त पाळली तर प्रयोगात कोणत्याही क्यूवर उडी मारली तरी डेस्क मागचे सगळे बदल मोजून योग्य चित्र उभे करते आणि ऑपरेटरला स्क्रीनवर शोधाशोध करावी लागत नाही.

मूव्हिंग हेडच्या बाबतीत एक गोष्ट थोडक्यात सांगतो. पेटलेला दिवा जागा बदलताना दिसला तर प्रेक्षकाची नजर नटावरून उडून छताकडे जाते, म्हणून आधीच्या अंधारातच तो नव्या जागी, नव्या रंगात जाऊन थांबला पाहिजे. डेस्कांवर याला मार्क किंवा मूव्ह इन ब्लॅक म्हणतात. ती सोय जरूर वापरावी, पण दिव्याला जाण्यापुरता अंधार मिळतो आहे का, हे स्वतः तपासावे.

प्रयोगाआधीची तपासणी मी कधीच टाळत नाही. एकेक चॅनल वर आणून तो पेटतो का आणि योग्य जागी पडतो का, हे पडद्यावर न पाहता रंगमंचावर पाहतो. ग्रँडमास्टर (सगळ्या दिव्यांवर एकत्र चालणारा फेडर) पूर्ण वर आणि सगळे सबमास्टर (दिव्यांच्या एकेका गटाचे स्वतंत्र फेडर) शून्यावर आहेत याची खात्री करतो. तीव्रतेच्या बाबतीत सहसा सर्वांत मोठी पातळी जिंकते हा नियम चालतो, त्यामुळे एखादा सबमास्टर १० टक्क्यांवर विसरून राहिला तर ब्लॅकआऊटच्या क्यूनंतरही त्या कोपऱ्यात उजेड उरतो आणि क्यू यादीत तो कुठेच सापडत नाही. शो फाईल दोन वेगळ्या जागी साठवलेली असावी, आणि त्यातली एक डेस्कच्या बाहेर असावी.

मग प्रयोग सुरू होतो. स्टेज मॅनेजर ‘स्टँडबाय’ म्हणतात, आपण उत्तर देतो आणि गप्प राहतो. ‘गो’ हा शब्द हेडसेटवर एरवी कोणीही उच्चारायचा नसतो, कारण तो ऐकताच बोट दाबले जाणार असते. जिथे स्टेज मॅनेजर नसतो तिथे संहिता पुढ्यात ठेवून ऑपरेटरच क्यू घेतो. अशा वेळी क्यूच्या शब्दाच्या बऱ्याच आधी, चार-पाच ओळी वर, पेन्सिलीने सावधानतेची खूण करावी आणि तिथून पुढे संहितेकडे पाहू नये. शब्द ऐकून बटण दाबले तर माणसाच्या प्रतिक्रियेचा सुमारे पाव सेकंद जातोच. नट वाक्य संपवण्याआधी श्वास घेतो, वळण्याआधी खांदा हलवतो, बसण्याआधी वजन एका पायावर टाकतो. या खुणा वाचता आल्या की फेड त्याच्या हालचालीबरोबर सुरू होतो. कालच्या प्रयोगात त्याने मौन लांबवले असेल आणि आज आखडते घेतले असेल, तर आजच्या मौनाबरोबर जावे लागते.

प्रयोगात दुरुस्ती करायचीच असेल तर ती ‘ब्लाइंड’मध्ये करावी, म्हणजे रंगमंचावरचे चित्र हलत नाही, आणि पुढचा क्यू पुरेसा दूर असेल तरच करावी. एखादा मूव्हिंग हेड बिघडून थरथरू लागला तर त्याची तीव्रता शून्यावर ‘पार्क’ करून टाकावी, त्यामुळे पुढचा कोणताही क्यू त्याला पेटवू शकत नाही. त्याची उणीव शेजारच्या दिव्याने भरायची का, हे डेस्ककडे पाहून ठरत नाही. नटाचा चेहरा दिसतो आहे का, एवढे पाहून ते ठरवावे. प्रयोग संपल्यावर ते पार्क काढून टाकावे आणि त्या चॅनलचा क्रमांक व बिघाड क्यू शीटवर लिहून ठेवावा, कारण पुढच्या प्रयोगाला त्या खुर्चीत दुसरा ऑपरेटर असू शकतो.