जस्ताच्या पुडीआधी हवा काढावी लागते

सोने सायनाइडच्या पाण्यात विरघळते, हे आपल्याकडे अनेकांना ऐकून ठाऊक असते. त्या पाण्यातून ते परत कसे काढतात, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो, आणि विचारलाच तर ‘जस्त टाकले की सोने खाली बसते’ एवढ्या उत्तरावर समाधान मानले जाते. उत्तर चुकीचे नाही. परंतु जस्ताची युक्ती सापडल्यापासून ती मोठ्या कारखान्यात बिनबोभाट चालू लागेपर्यंत पंचवीस-तीस वर्षे गेली, आणि या काळातील सर्वांत चिवट अडचण जस्तात नव्हती, सोन्यातही नव्हती. ती पाण्यात विरघळलेल्या हवेत होती.

मूळ तत्त्व गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यातील कोणालाही नवे वाटणार नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून देशभर पसरलेले आपले गलाई व्यावसायिक तेजाबात (नायट्रिक आम्लात) विरघळलेली चांदी परत मिळवण्यासाठी त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडतात. तांबे विरघळत जाते आणि त्याच्या जागी चांदी सुटी होऊन खाली बसते. अधिक क्रियाशील धातू स्वतः द्रावणात जातो आणि कमी क्रियाशील धातूला बाहेर ढकलतो. सायनाइडच्या द्रावणात सोने सायनाइडशी फार घट्ट बांधलेले असते, त्यामुळे तेथे तांब्याचे काम नाही. जस्ताला मात्र सायनाइडचे आकर्षण एवढे असते की ते सोन्याला सहज मोकळे करते. (हे वाचून दुकानातल्या झाऱ्यावर, म्हणजे सोन्याचे कण मिसळलेल्या केरावर, सायनाइडचा प्रयोग करावा, असे कोणाच्या मनात येऊ नये. या द्रावणाचा आम्लाशी संबंध आला की जो वायू निघतो तो काही श्वासांत माणूस मारतो, आणि तेजाबाच्या बरण्या शेजारी असलेल्या खोलीत सायनाइड ठेवणे म्हणजे उघड आत्मघात आहे.)

दगडातून सोने काढण्याची सायनाइडची पद्धत ग्लासगो येथील रसायनज्ञ जॉन स्टुअर्ट मॅकार्थर आणि रॉबर्ट व विल्यम फॉरेस्ट हे डॉक्टर बंधू यांनी १८८७ साली पेटंट केली आणि पुढच्याच वर्षी जस्ताचा भाग त्यात जोडला. १८८९ मध्ये न्यूझीलंडमधील कारांगाहाके येथे तिचा व्यापारी वापर सुरू झाला आणि लगेच ती दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या खाणींवर पोहोचली. तेथे वरच्या थरातील कुजलेल्या दगडातून सोने पाऱ्याने पकडता येत होते, परंतु खाण खोल जाऊ लागली तशी सोनमाखीयुक्त (लोह-गंधकाचे खनिज असलेला) दगड लागला आणि पारा हात टेकू लागला. सायनाइड आले नसते तर ते क्षेत्र तेव्हाच बसले असते, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

त्या काळी जस्त पुडीच्या रूपात नव्हे, तर किसाच्या रूपात वापरत. लांबट लाकडी पेट्यांत आडवे पडदे घालून कप्पे पाडलेले असत, कप्प्यांत जस्ताचा कातलेला कीस भरलेला असे, आणि सोने घेऊन आलेले द्रावण प्रत्येक कप्प्यात खालून वर चढत पुढे सरके. सोने किसावर काळ्या गाळासारखे धरत असे. पिवळ्या चमकेचा मागमूस नसे. ठरावीक मुदतीने पेट्या थांबवून तो गाळ धुऊन काढावा लागे. जस्त फार खर्च होई, किसावर पांढरा थर बसून तो निकामी होई, आणि एवढे करून शेवटच्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात थोडे सोने राहून जाईच.

जस्त एवढे का खर्च होई, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा एक लिटर द्रावणात २ मिलिग्रॅम सोने आहे. खाणीच्या द्रावणात सोने सहसा असेच चिमूटभर असते. जस्ताचा एक अणू सोन्याचे दोन अणू सोडवतो, म्हणून वजनाने साधारण एक भाग जस्ताला सहा भाग सोने मिळायला हवे, आणि आपल्या एका लिटरला मिलिग्रॅमच्या एक तृतीयांश एवढे जस्त पुरायला हवे. पण हवेत उघड्या असलेल्या त्याच एका लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. सायनाइडच्या सान्निध्यात हा प्राणवायूही जस्त खातो, आणि तो सगळा जस्तावर खर्च झाला तर ३२ ते ३३ मिलिग्रॅम जस्त संपते. म्हणजे सोन्यासाठी लागणाऱ्या जस्ताच्या जवळजवळ शंभरपट जस्त निव्वळ हवेची भूक भागवण्यात जाते, आणि त्याबरोबर महागडे सायनाइडही अडकते. शिवाय प्राणवायू शिल्लक असेल तर नुकतेच खाली बसलेले सोने पुन्हा विरघळू लागते, कारण दगडातून सोने बाहेर काढणारी जोडी तीच होती: सायनाइड आणि प्राणवायू. १८४६ साली एल्सनर या रसायनज्ञांनी दाखवून दिले होते की प्राणवायूवाचून सोने सायनाइडमध्ये विरघळतच नाही. म्हणून कारखान्याच्या एका टोकाला दळलेल्या दगडाच्या लगद्यात मुद्दाम हवा फुंकायची आणि दुसऱ्या टोकाला तीच हवा कणाकणाने काढून टाकायची, असा हा उलटसुलट व्यवहार आहे.

किसाऐवजी बारीक पूड वापरण्याची पद्धत चार्ल्स वॉशिंग्टन मेरिल यांनी अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात, होमस्टेक या खाणीवर रुळवली. तेथील दगड हलक्या प्रतीचा, पण प्रचंड प्रमाणात होता. दर टनामागे वाचलेला प्रत्येक पैसा मोलाचा होता. या कामामुळे मेरिल यांना ‘सायनाइड चार्ली’ असे टोपणनाव पडले. पुडीचा पृष्ठभाग किसापेक्षा कितीतरी अधिक असल्याने क्रिया झपाट्याने होई, परंतु पूड जेवढी बारीक तेवढी ती प्राणवायूलाही लवकर बळी पडे. ही अडचण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कोलोरॅडोत थॉमस क्रो यांनी सोडवली. त्यांनी द्रावण एका बंद, निर्वात मनोऱ्यात वरून सोडले, म्हणजे ते पातळ धारांत पसरत खाली येई आणि विरघळलेली हवा पंपाने ओढून घेतली जाई. दोघांच्या नावाने ही पद्धत मेरिल-क्रो म्हणून ओळखली जाते. मला स्वतःला यात क्रो यांचा वाटा मोठा वाटतो.

आजच्या कारखान्यात द्रावण प्रथम अगदी नितळ होईपर्यंत गाळले जाते. डायटमच्या मातीचा (सूक्ष्म शैवालांच्या कवचांपासून बनलेल्या बारीक मातीचा) लेप दिलेल्या गाळण्यांतून ते काढतात, कारण चिखलाचे कण जस्तावर बसले तर क्रिया थांबते. नंतर मनोऱ्यात प्राणवायू लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली, शक्यतो अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत आणतात. वर केलेला हिशेब येथे पुन्हा लावला तर हवेपायी जाणारे जस्त ३२ वरून २ मिलिग्रॅमवर उतरते. मनोऱ्यातून द्रावण ओढणारा पंप अनेक ठिकाणी द्रावणातच बुडवून बसवतात, म्हणजे त्याच्या सांध्यातून गळती झालीच तरी आत हवा न शिरता द्रावणच शिरते. हा साधा बंदोबस्त मला संपूर्ण यंत्रणेतील सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. त्यानंतर कोरडी पूड ठरावीक वेगाने सोडतात आणि मिश्रण थेट दाबगाळणीत जाते. क्रिया बहुतांशी क्षणात होते, आणि कापडावर साचलेल्या थरात जे जस्त उरलेले असते त्यातून पुढचे द्रावण जाताना राहिलेले सोनेही पकडले जाते. बाहेर पडणारे पाणी पुन्हा दगडावर वापरतात.

पुडीबरोबर थोडे लेड नायट्रेटही घालतात. शिसे जस्तावर ठिपक्याठिपक्यांनी बसते आणि प्रत्येक ठिपका सूक्ष्म विद्युतघटासारखे काम करतो, त्यामुळे जस्तावर हायड्रॉक्साइडचा थर बसून ते निष्क्रिय होण्याचे टळते. प्रमाण वाढले तर मात्र शिसेच जस्ताला झाकून टाकते.

गाळणीत जमा झालेला काळा गाळ म्हणजे शुद्ध सोने नव्हे. त्यात चांदी, उरलेले जस्त, शिसे, तांबे आणि दगडात पारा असेल तर पाराही असतो, कारण जस्त पाऱ्यालाही तितक्याच तत्परतेने द्रावणातून बाहेर काढते. म्हणून असा गाळ मुशीत टाकण्यापूर्वी बंद भट्टीत तापवून पारा वाफेच्या रूपात वेगळा करतात, आणि मग टाकणखार, वाळू, सोडा व सोरा घालून वितळवतात. पेरूमधील यानाकोचा या मेरिल-क्रो पद्धतीच्या मोठ्या खाणीतून असा जोडउत्पादन म्हणून निघालेला सुमारे १५० किलो पारा २००० सालच्या जून महिन्यात वाहतूक करणाऱ्या ट्रकमधून चोरोपाम्पा गावाच्या परिसरात रस्त्यावर सांडला. तो चकाकणारा पदार्थ मौल्यवान समजून लोकांनी हातांनी गोळा करून घरी नेला आणि शेकडो जणांना विषबाधा झाली. जस्त केवळ सोनेच सोडवत नाही, ही गोष्ट कारखान्याच्या कुंपणाबाहेर एवढ्या कठोरपणे क्वचितच कळली असेल.

१९७३ साली मेरिल यांच्या त्याच होमस्टेक खाणीवर कोळशाची पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. सक्रिय कोळशाचे दाणे लगद्यातच सोने शोषून घेतात, त्यामुळे द्रावण नितळ करण्याचा आणि हवा काढण्याचा खर्च वाचतो, आणि बहुतेक नव्या सोन्याच्या खाणी आता तिकडे वळल्या आहेत. परंतु दगडात सोन्याच्या कैकपट चांदी असेल तर चांदीच कोळशाची बरीच जागा अडवते. मग कोळसा इतका लागतो आणि तो धुऊन पुन्हा तापवण्याचे काम इतके वाढते, की जस्तच स्वस्त पडते. लॅटिन अमेरिकेतील चांदीबहुल खाणींवर क्रो यांचे निर्वात मनोरे त्यामुळेच अजून उभे आहेत.