आरोग्य नोंदींचं डेटा मॉडेल बांधताना: माझा अनुभव

रुग्णालयाच्या नोंदी विश्लेषणाला घेतल्या की पहिला मोह होतो तो एका रुग्णाची एक ओळ करून सगळं आडवं मांडण्याचा. वय, लिंग, साखर, रक्तदाब, औषधं, झालं. पण त्याच माणसाची साखर काही वर्षांत चाळीस वेळा तपासलेली असते. त्यातली कोणती धरायची हे अभ्यासाचा प्रश्न ठरवतो, म्हणून तो निर्णय टेबलात गोठवायचा नाही. मी एक घटना, एक ओळ हा नियम धरला आणि पाया म्हणून ओमॉप या आरोग्य नोंदींच्या प्रमाण डेटा मॉडेलची ५.४ आवृत्ती घेतली. तिच्यात व्यक्ती, भेट, निदान, औषध आणि मोजमाप यांची टेबलं वेगळी असतात, आणि निदानाला स्नोमेड, तपासणीला लॉइंक, औषधाला आरएक्सनॉर्म असे प्रमाण कोड ठरलेले असतात.

सुरुवातीला एक गोष्ट खटकते. मूळ कोड कुठल्या टेबलात जाईल हे तो कोणत्या फाइलमधून आला यावर ठरत नाही, त्याच्या अर्थावर ठरतं. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला झेड८०.३ हा कोड निदानांच्या यादीतच सापडतो, पण त्याचा अर्थ घराण्यात स्तनाचा कर्करोग असल्याचा इतिहास. तो निदानाच्या टेबलात टाकला तर निरोगी बाई कर्करोगाची रुग्ण म्हणून मोजली जाते. अशी ओळ इतर नोंदींसाठी असलेल्या निरीक्षणाच्या टेबलात जाते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो लॅबच्या टेबलाने. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) एका यंत्रणेत टक्क्यांत येतं, दुसरीत मिलिमोल प्रति मोलमध्ये, ६.५ टक्के आणि ४८ ही एकच पातळी. मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. युनिटचा कॉलम रिकामा असेल तर आकड्यावरून अंदाज बांधता येतो, पण तो मूळ कॉलमवर लिहायचा नाही. मूळ आकडा, मूळ युनिट, बदललेला आकडा, बदललेलं युनिट असे चार कॉलम ठेवले आणि युनिट अंदाजाने भरलं असेल तर पाचव्यात तशी खूण केली. अंदाज चुकला तर परत फिरता येतं.

दुसरी अडचण ‘०.०१ पेक्षा कमी’ अशा निकालांची. आकड्यांच्या कॉलममध्ये ते बसत नाहीत, म्हणून टेबलात नोंदी भरणारी स्क्रिप्ट ते गुपचूप टाकून देते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनच्या बाबतीत हे फार महागात पडतं, कारण ज्यांच्या हृदयाला इजा झालेली नाही नेमके तेच रुग्ण गळतात आणि उरलेल्यांची सरासरी फुगते. तुलनेचं चिन्ह वेगळ्या कॉलममध्ये आणि ०.०१ आकड्यांच्या कॉलममध्ये ठेवायचं. ‘नमुना गोठला’, ‘पुन्हा पाठवा’ असले शेरेही लॅबच्या निकालाच्या रकान्यात येतात. ते निकाल नव्हेत, पण तपासणी मागवली होती याचा पुरावा आहेत, म्हणून मूळ मजकुराच्या कॉलममध्ये जपायचे.

वेळेचंही तसंच. एका तपासणीला मागणी, नमुना घेणं, निकाल येणं अशा तीन वेळा असतात. रुग्णाची स्थिती दाखवायची तर नमुन्याची वेळ खरी, आणि ओमॉपचा संकेतही तिच्याच बाजूने आहे. पण पुढे काय होईल याचं भाकीत करणारं मॉडेल शिकवायचं असेल तर निकालाची वेळ लागतेच. नमुना सकाळी ६ चा, निकाल ९ चा. ७ वाजताच्या भाकितात तो आकडा वापरला तर डॉक्टरांच्या हाती तेव्हा नसलेली माहिती मॉडेलला मिळते, आणि कागदावर दिसणारी अचूकता वॉर्डात टिकत नाही. मी निकालाच्या वेळेसाठी जोड टेबल केलं.

औषधात लिहून दिलं, दुकानातून घेतलं आणि प्रत्यक्ष टोचलं या तीन वेगळ्या घटना आहेत. ओळ यांपैकी कोणत्या घटनेची हे सांगणारा प्रकाराचा कॉलम भरला नाही तर एकच डोस दोनदा मोजला जातो.

रुग्ण कधीपासून कधीपर्यंत आपल्या नोंदींत होता हे सांगणारं निरीक्षण कालावधीचं टेबल लोक हमखास उरकून टाकतात. मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. २०१८ मध्ये निदान नाही याचा अर्थ आजार नव्हता, की रुग्ण तेव्हा आपल्याकडे येतच नव्हता? हे फक्त तिथून कळतं. पहिल्या भेटीपासून शेवटच्या भेटीपर्यंत एकच सलग कालावधी लावणं सोपं, पण चार वर्षांची पोकळी मग निरोगी काळ ठरते. मोठी पोकळी आली की मी कालावधी तोडतो, आणि किती महिन्यांची पोकळी मोठी मानायची हे त्या आजारात रुग्ण किती वरचेवर येतो ते पाहून ठरवतो.

प्रमाण कोड न सापडलेल्या ओळींना कोड म्हणून शून्य मिळतो. त्या काढून टाकायच्या नाहीत. किती वेळा आल्या त्या क्रमाने लावायच्या आणि वरून एकेक प्रमाण कोडशी जोडत यायचं. शेवटी यदृच्छया काही रुग्ण निवडून मूळ केसपेपर आणि टेबलं शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवायची. हे काम वॉर्ड जाणणाऱ्या परिचारिकेबरोबर बसून करावं. एकूण ओळींची बेरीज जुळली तरी न दिसणाऱ्या चुका तिला पटकन दिसतात.