एडीएचडीची तपासणी एका भेटीत का संपत नाही

आज भाच्याला घेऊन ताई आणि भाऊजींबरोबर सांगलीत विश्रामबागेतील मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो होतो. एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे अवघड जाणे किंवा अतिचंचलता असणाऱ्या विकाराचे, निदान रक्ताच्या तपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने होत नाही, हे ताईला तिथे प्रथमच समजले. डॉक्टरांनी आधी दृष्टी, श्रवण आणि झोप यांची चौकशी केली आणि मग वर्गशिक्षिकेसाठी प्रश्नावली दिली. कारण लक्षणे घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, किमान सहा महिने टिकून असलेली आणि वयाच्या १२ वर्षांआधीपासूनची असावी लागतात. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेनुसार अवधानाचा अभाव किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातील ९ पैकी किमान ६ लक्षणे मुलांमध्ये दिसावी लागतात. १७ वर्षे व त्यापुढे ५ पुरतात. “गृहपाठ पूर्ण करूनही वही द्यायची राहून जाते का?” या प्रश्नावर ताईचे डोळे भरून आले. वर्गात शांतपणे खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुलींकडे मात्र अनेकदा कोणाचेच लक्ष जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

भाऊजींनी स्वतःबद्दल विचारले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांची शाळेतील प्रगतिपुस्तके आणायला आणि आईला सोबत घेऊन यायला सांगितले. प्रौढांमध्ये बालपणीच्या खुणा शोधाव्या लागतात, शिवाय चिंता, नैराश्य आणि थायरॉईडचे विकारही पडताळावे लागतात. भाऊजींनी लगेच गावी फोन लावला.