खुडूक कोंबडी, उन्हाळा आणि घुशी

मराठवाड्यात पारा ४० च्या पुढे गेला की उबवायची अंडी खुडूक (उबवायला बसू पाहणाऱ्या) कोंबडीखाली ठेवण्याआधीच बिघडतात. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं घेऊच नका. माठाशेजारी, निमुळतं टोक खाली करून ठेवा, धुऊ नका. एका गावरान कोंबडीला १०-१२ पुरे. बसवल्यापासून सातव्या रात्री अंड्यामागे टॉर्च लावा: लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नितळ दिसलं तर बाहेर. २१व्या दिवशी कवचाला टोचा पडूनही पिल्लू अडकतं, कारण कोरड्या हवेत आतला पापुद्रा चिवट होतो. म्हणून १८व्या दिवसापासून टोपल्याखालची माती ओलसर ठेवा. कवच सोलायची घाई नको, रक्त येतं.

घुशीला साधी कोंबडीजाळी म्हणजे काहीच नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली कडक तारेची जाळी) लावा, फूटभर जमिनीत पुरून. भरडलेली ज्वारी रात्री पत्र्याच्या डब्यात. विषाऐवजी पिंजराच बरा. विषाने मेलेला उंदीर कोंबड्या टोचतात.