परत तीच गोळी?

लग्नघरात, लिफ्टमध्ये, परवा तर भाजीवालीसमोर तोच प्रश्न: "मेथोट्रेक्सेटनं मरता मरता वाचलीस ना? मग परत तीच गोळी?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

मेथोट्रेक्सेट ही माझ्या सोरायसिसची, म्हणजे अंगावर खपल्यांचे चट्टे उठवणाऱ्या त्वचारोगाची गोळी. ती रविवारी, आठवड्यातून एकदाच. बाकीचे सहा दिवस फॉलिक अ‍ॅसिड. दोन्ही पिवळ्या, इवल्याशा. मी नेमक्या उलट घेतल्या. दुकानदारानं पाकिटावर काही लिहून दिलं नव्हतं, हे खरं. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं आणि मी मान डोलावली होती, हेही खरं.

सहाव्या दिवशी जीभ पोळल्यासारखी झाली. उष्णता असेल म्हणून मी सब्जा भिजवून प्यायले! नवव्या दिवशी पेजसुद्धा घशाखाली उतरेना. ओठांची सालं टॉवेलला चिकटायची, कोपरांवरचे जुने कोरडे चट्टे ओले होऊन झोंबत होते. रात्री ताप भरला. दवाखान्यात नेलं, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरून ९००. ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीनं घरून औषधं मागवली, दोन्ही पट्ट्या माझ्यासमोर धरल्या. "काकू, रोज यातली कुठली?" मी बोट दाखवलं. ती रागावली नाही, पळतच बाहेर गेली. मग दर सहा तासांनी ल्युकोव्होरिनचं, म्हणजे उताऱ्याचं, इंजेक्शन. विष भिनल्यावर साधं फॉलिक अ‍ॅसिड कामाचं नसतं म्हणे.

ही गोळी भराभर वाढणाऱ्या पेशींना आवरते. सोरायसिसमध्ये कातडी महिन्याचं काम चार-पाच दिवसांत उरकते, म्हणून ती लागू पडते. पण तोंडातलं अस्तर आणि हाडातला मगजही भराभरच वाढतो.

अकरा दिवस छताकडे बघत शपथ घेतली होती, पुन्हा नाही म्हणजे नाही. गंमत म्हणजे घरी आले तेव्हा कातडी कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ होती. अशा अंगानं शपथ घेणं सोपं असतं. चार महिन्यांत पाठ चट्ट्यांनी भरली, बोटं सुजली, लाटणं धरवेना. खालचे उठायच्या आत गॅलरीत खपल्यांनी भरलेली चादर झटकायची, हे पुन्हा सुरू झालं. ती महागडी नवी इंजेक्शनं परवडत नाहीत. आणि हो, मला बिनबाह्यांचं ब्लाउज घालायचंय. हसा.

आता पट्टी मुलाच्या कपाटात असते. रविवारी तो मोजून देतो, कॅलेंडरवर फुली मारतो. रक्त-लिव्हरच्या तपासण्या चुकवत नाही, साधी पेनकिलरही विचारूनच घेते. म्हणून निर्धास्त आहे असं नाही. सोमवारी सकाळी चहाआधी आरशात जीभ बघते.